आकाशाचा सातबारा कोणाच्या नावावर?

हवेत अत्यल्प प्रमाणात असणारे वायू आणि तिच्यात तरंगणारे सूक्ष्म कण यांच्या रसायनशास्त्रासाठी अर्धशतक वेचणारे डच शास्त्रज्ञ पॉल क्रुट्झन २८ जानेवारी २०२१ रोजी निवर्तले. स्वनातीत विमानांचे पुरस्कर्ते, रसायनांचे कारखानदार आणि अण्वस्त्रांचे धनी या तिघांनाही त्यांच्या संशोधनाने वेळोवेळी अडचणीत आणले होते. थोर माणूस गेला की त्याचे विचार सोयीप्रमाणे वाटून घेतले जातात. क्रुट्झन यांच्याही वाट्याला तेच आले आहे.

जमिनीपासून सुमारे पंधरा ते पन्नास किलोमीटर उंचीवरच्या थरात, म्हणजे स्थितांबरात, गंधकाचे किंवा तत्सम कण पसरवावेत, त्यांनी सूर्यप्रकाशाचा काही अंश परतवावा आणि पृथ्वीचा ताप उतरावा, अशी एक योजना आहे. अमेरिकेतील 'मेक सनसेट्स' या कंपनीने सल्फर डायऑक्साइड भरलेले फुगे आकाशात सोडून त्या बदल्यात 'शीतलतेची पत' विकायला काढली. २०२२ मध्ये तिने मेक्सिकोच्या भूमीवरून असे फुगे सोडले, तेव्हा त्या देशाच्या सरकारने जानेवारी २०२३ मध्ये अशा प्रयोगांवर बंदी घालण्याचे जाहीर केले. 'स्टारडस्ट' या दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या मालकीचा कण बनवून तो आकाशात पसरवण्याच्या उद्योगासाठी २०२५ मध्ये सहा कोटी डॉलरचे भांडवल उभे केले. या योजनेचे कैवारी टीकाकारांच्या तोंडावर एकच नाव फेकतात. ते सांगतात की, नोबेल पारितोषिकाचे मानकरी क्रुट्झन यांनीच २००६ मध्ये हा उपाय पुढे मांडला होता.

मांडला होता, हे खरे. पण कोणत्या अटींवर, कोणत्या उद्वेगातून आणि कोणत्या इशाऱ्यांसह, हे सांगण्याची तसदी कोणी घेत नाही. त्यांची संपूर्ण कारकीर्द नजरेखालून घातली, तर तिचा निष्कर्ष या व्यापाराच्या नेमका विरुद्ध जातो. आकाश ही सर्वांची सामाईक मिळकत आहे. ती नासवणारा स्वतःहून कधी थांबत नाही. त्याला कायद्याने आणि लोकमताच्या रेट्याने थांबवावे लागते. क्रुट्झन यांच्या आयुष्यातील प्रत्येक महत्त्वाच्या प्रकरणाने हेच सिद्ध केले आहे.

वेटरचा मुलगा

क्रुट्झन यांचा जन्म ३ डिसेंबर १९३३ रोजी अ‍ॅम्स्टरडॅममध्ये झाला. वडील वेटर, तेही वारंवार बेकार राहणारे. आई रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कामाला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींच्या ताब्यातील हॉलंडमध्ये जी भीषण उपासमार झाली, तिच्यात त्यांच्या शाळेतील काही सोबती दगावले. शालान्त परीक्षेच्या वेळी तापाने फणफणल्यामुळे गुण कमी पडले आणि विद्यापीठाची शिष्यवृत्ती हुकली. आईबापांवर भार नको म्हणून या मुलाने तंत्रविद्यालयाची वाट धरली आणि पुढे अ‍ॅम्स्टरडॅम शहराच्या पूल बांधणाऱ्या खात्यात नोकरी केली.

विवाहानंतर ते स्वीडनला गेले. स्टॉकहोमच्या हवामानशास्त्र विभागाला संगणकाचा प्रोग्रॅमर हवा आहे, अशी एक जाहिरात त्यांनी वृत्तपत्रात वाचली. संगणकाचा कसलाही अनुभव गाठीशी नसताना त्यांनी अर्ज केला आणि १९५९ मध्ये ते तेथे रुजू झाले. नोकरी सांभाळून त्यांनी पदव्या मिळवल्या. इतरांच्या संशोधनासाठी आकडेमोड करता करता ते स्वतःच संशोधक बनले. १९७४ नंतर अमेरिकेत बोल्डर येथील राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्र आणि १९८० पासून दोन दशके जर्मनीतील माइन्झ येथील मॅक्स प्लांक रसायनशास्त्र संस्था ही त्यांची कर्मभूमी होती.

हा तपशील केवळ चरित्राच्या हौसेखातर दिलेला नाही. या सर्व संस्था मुख्यतः सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या होत्या. गरीब घरातल्या, नियमित विद्यापीठीय शिक्षणाची संधी हुकलेल्या तरुणाला त्यांनी दार उघडले. ज्या प्रश्नाच्या उत्तरातून कोणालाही पैचा नफा होणार नव्हता, असे प्रश्न वर्षानुवर्षे हाताळण्याची मुभा त्याला दिली. खाजगी कंपनीच्या प्रयोगशाळेत मातीतील जिवाणू आणि तीस किलोमीटर उंचीवरचा ओझोन यांचा परस्परसंबंध शोधायला कोणी पगार दिला असता?

अल्पांशाचे सामर्थ्य

तो संबंध त्यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडला. मातीतील जिवाणूंच्या क्रियेतून नायट्रस ऑक्साइड हा वायू बाहेर पडतो. तो खालच्या हवेत सहजासहजी नष्ट होत नाही. सावकाश स्थितांबरात चढतो आणि तेथे त्याच्यापासून नायट्रोजनची इतर ऑक्साइडे तयार होतात. नायट्रिक ऑक्साइडचा रेणू ओझोनचा एक अणू पळवतो, पुढच्याच क्रियेत तो दुसऱ्या ऑक्सिजन अणूच्या हवाली करतो आणि पुन्हा मोकळा होऊन नव्या ओझोनवर घाला घालायला सिद्ध होतो. तो स्वतः खर्ची पडत नाही. म्हणूनच त्याचे प्रमाण नगण्य असूनही त्याचा परिणाम प्रचंड असतो. ओझोनच्या नैसर्गिक समतोलाचे एक कोडे यातून सुटले.

परंतु त्याबरोबरच एक भलताच हिशेब पुढे आला. त्या काळात स्वनातीत प्रवासी विमानांची शर्यत ऐन भरात होती. ब्रिटन व फ्रान्सचे कॉन्कॉर्ड, सोव्हिएत युनियनचे टीयू-१४४ आणि अमेरिकेचे प्रस्तावित विमान ही तिन्ही राष्ट्रीय प्रतिष्ठेची प्रतीके मानली जात. ही विमाने नेमक्या स्थितांबरातून उडणार होती आणि त्यांच्या धुरात नायट्रोजनची हीच ऑक्साइडे असणार होती. अशी शेकडो विमाने रोज उडू लागली तर ओझोनचे काय होईल, हा प्रश्न १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील हॅरॉल्ड जॉन्स्टन आणि क्रुट्झन यांनी उपस्थित केला. अमेरिकी काँग्रेसने आपल्या विमानाचा निधी त्याच वर्षी मार्चमध्ये रोखला, तो मुख्यतः खर्च आणि कर्कश आवाज यांच्या कारणाने. ओझोनचा वाद त्यानंतर पेटला. तथापि एक नवा प्रश्न सार्वजनिक चर्चेत कायमचा दाखल झाला. काही श्रीमंतांचे चार तास वाचावेत म्हणून सर्वांच्या डोक्यावरचे छत्र पातळ करण्याचा अधिकार कोणाला आहे? यात भांडवलदारी गट आणि सोव्हिएत गट असा भेद नव्हता. दोघांनाही आकाश हे फुकटचे गायरान वाटत होते.

हे उपरतीने घडले नाही

क्रुट्झन यांनी दाखवलेल्या दिशेने १९७४ मध्ये शेरवुड रोलँड आणि मारिओ मोलिना यांनी पुढचे पाऊल टाकले. शीतकपाटांत आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरली जाणारी क्लोरोफ्लुरोकार्बन रसायने स्थितांबरात पोहोचून फुटतात आणि त्यांतून सुटणारा क्लोरीन ओझोनचा नाश करतो, हे त्यांनी दाखवून दिले. या उद्योगातील सर्वांत मोठी कंपनी होती ड्यूपाँ. विश्वासार्ह पुरावा मिळाला तर उत्पादन थांबवू, अशी ग्वाही तिने दिली आणि १९७५ मध्ये ती वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन मिरवलीसुद्धा. पुढली तेरा वर्षे पुरावा 'पुरेसा' आहे की नाही याचा निवाडा मात्र आरोपीच करीत राहिला! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्याचा याहून नमुनेदार प्रकार सापडणे कठीण.

१९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनला पडलेले भगदाड जगापुढे आणले. तेथील अतिथंड ढगांच्या कणांवर कोणत्या क्रिया घडतात याचा उलगडा करण्यात क्रुट्झन यांचा मोठा वाटा होता. त्या निमित्ताने तरंगते कण आणि अल्पांश वायू हे त्यांचे दोन्ही विषय एकत्र आले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. एवढे होऊनही मार्च १९८८ च्या आरंभी ड्यूपाँच्या अध्यक्षांनी उत्पादन थांबवण्याची सेनेटरांची मागणी धुडकावली. त्याच महिन्यात नासाप्रणीत शास्त्रज्ञमंडळाचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा कोठे कंपनीने माघार जाहीर केली. करार होऊन आंतरराष्ट्रीय बंधने आली होती आणि पर्यायी रसायनांचा नवा बाजार दिसू लागला होता, हेही विसरता येत नाही.

या लढ्यात भारताने बजावलेली भूमिका फारशी सांगितली जात नाही. ओझोनचा नाश करणारी रसायने प्रामुख्याने श्रीमंत राष्ट्रांनी बनवली व वापरली. तेव्हा गरीब राष्ट्रांनी ती सोडायची, तर तंत्रज्ञान आणि पैसा कोण देणार, हा प्रश्न भारत आणि चीनने रेटून धरला. तत्कालीन पर्यावरणमंत्री मनेका गांधी यांनी तो १९९० च्या लंडन परिषदेत खणखणीतपणे मांडला. त्यातूनच बहुपक्षीय निधी उभा राहिला. प्रारंभी सोळा कोटी डॉलर आणि भारत व चीन सामील झाल्यास चोवीस कोटी, असे त्याचे स्वरूप ठरले. ही भीक नव्हती, नुकसानभरपाईच्या न्यायाची ती कबुली होती. भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला.

परिणाम जगासमोर आहे. ओझोनचा थर सावरत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मूल्यमापनानुसार जगाच्या बहुतेक भागात तो सुमारे २०४० पर्यंत आणि अंटार्क्टिकावर सुमारे २०६६ पर्यंत १९८० च्या पातळीवर येईल. भगदाड बुजवण्यासाठी आकाशात दुसरे एखादे रसायन फवारण्याची युक्ती येथे कोणी लढवली नाही. विष ओतणे बंद केले; ते सर्वांसाठी सक्तीने बंद केले आणि दुर्बलांना त्यासाठी साहाय्य दिले. १९९५ चे नोबेल पारितोषिक क्रुट्झन, रोलँड आणि मोलिना यांना मिळाले, तेव्हा आपल्या व्याख्यानात क्रुट्झन यांनी एक अंगावर काटा आणणारी गोष्ट सांगितली. कारखानदारांनी क्लोरीनच्या जागी ब्रोमीनची रसायने विकसित केली असती, तर ओझोनचा विनाश सर्वत्र आणि बाराही महिने झाला असता. अणूगणिक ब्रोमीन कित्येक पटींनी घातक. जग वाचले ते निव्वळ नशिबाने, कोणाच्या शहाणपणाने नव्हे. नफ्याच्या बाजाराने क्लोरीन निवडले हा योगायोग होता!

भर दुपारी अंधार

१९७० च्या दशकाच्या अखेरीस क्रुट्झन धुराकडे वळले. प्रथम कोलोरॅडोतील वणवे आणि मग ब्राझीलमधील जंगले व गवताळ प्रदेशांतील आगी यांच्या धुराचे नमुने घेऊन, उष्ण कटिबंधातील ज्वलनातून किती कार्बन मोनॉक्साइड आणि इतर वायू बाहेर पडतात, हे त्यांनी सहकाऱ्यांसह मोजले. त्याच ज्ञानाचा उपयोग करून त्यांनी जॉन बर्क्स यांच्यासमवेत १९८२ मध्ये स्वीडिश विज्ञान अकादमीच्या 'अँबिओ' नियतकालिकात अणुयुद्धानंतरच्या वातावरणाचा हिशेब मांडला. स्फोटांनी जंगले, शहरे आणि तेलसाठे पेटतील, त्यांचा काळा धूर सूर्याला झाकून टाकील आणि भर दुपारी संधिप्रकाश पडेल, असा तो निष्कर्ष होता. पुढल्याच वर्षी कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून 'अणुहिवाळ्या'चे चित्र उभे केले. बाँबपासून हजारो मैल दूर असलेला, कोणत्याही गटात नसलेला शेतकरीसुद्धा पीक न आल्यामुळे मरेल, असा त्याचा अर्थ होता. हे आपले सर्वांत मोठे वैज्ञानिक कार्य नसले तरी राजकीय दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे, असे क्रुट्झन स्वतः मानीत.

आकाश काळवंडले तर खालची शेती मरते, हे जगाला पटवून देणारा हा शास्त्रज्ञ होता. त्यालाच आकाश मुद्दाम झाकोळण्याचा पुरस्कर्ता म्हणून उभे करणाऱ्यांनी या प्रकरणाचा विचार अवश्य करावा.

धूर कोणाचा?

भारताशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध आला तो हिंदी महासागरावरील प्रयोगात. १९९९ च्या जानेवारी ते मार्च या काळात अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मालदीवला तळ करून जहाजे, विमाने आणि उपग्रह यांच्या साहाय्याने समुद्रावरची हवा तपासली. भारताचे 'सागर कन्या' हे जहाज त्यात होते. मूळचे मदुराईचे वीरभद्रन रामनाथन आणि क्रुट्झन हे या प्रयोगाचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. सुमारे एक कोटी चौरस किलोमीटरवर पसरलेले तपकिरी धुके त्यांना आढळले. समुद्रपृष्ठावर पोहोचणारा सूर्यप्रकाश त्याने सुमारे दहा टक्क्यांनी घटवला होता.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संघटनेने २००२ मध्ये 'आशियाई तपकिरी ढग' या नावाने या विषयावरचा अहवाल काढला आणि वादाला तोंड फुटले. पुण्यात वाढलेल्या ख्यातनाम मान्सूनतज्ज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी जे. श्रीनिवासन यांच्यासह त्या अहवालाची परखड झडती घेतली. कोरड्या हंगामातल्या तीन महिन्यांच्या निरीक्षणांवरून पावसाविषयी आणि पिकांविषयी काढलेल्या निष्कर्षांना त्यांनी हरकत घेतली. भारत सरकारनेही नावाला आक्षेप घेतला. जगाला कर्बवायूने भरून टाकणाऱ्या राष्ट्रांच्या धुराला खंडाचे नाव नाही आणि गरिबांच्या धुराला मात्र 'आशियाई' ही उपाधी! पुढे ते नाव बदलून 'वातावरणीय' करण्यात आले.

या वादात दोन्ही बाजूंनी एक सोयीस्कर चूक होत होती. धुके हे पाश्चात्त्यांचे कुभांड, म्हणून झटकून टाकणे चूक होते. पुण्याजवळच्या सिंहगडावर आणि मालदीवमध्ये घेतलेल्या नमुन्यांतील काजळीचे वय किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने तपासण्यात आले. तिचा निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत भाग लाकूड, गोवऱ्या, पालापाचोळा अशा जैव पदार्थांच्या ज्वलनातून येतो, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. उरलेला भाग कोळसा आणि डिझेलचा. या धुराचा पहिला बळी कोण, हे विचारायला प्रयोगशाळेची गरज नाही. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसणारी स्त्री आणि तिच्या पाठीवरचे मूल हेच ते बळी. तिला स्वच्छ इंधन मिळाले पाहिजे, ते परवडले पाहिजे आणि ही मागणी तिच्या फुप्फुसांसाठी आहे.

पण तिच्या चुलीच्या आड श्रीमंतांची मोटार लपवणे ही दुसरी चूक, आणि ती अधिक लबाडीची आहे. काजळीचा कण काही दिवसांत, फार तर आठवड्यांत पावसाबरोबर खाली येतो. कोळशातून आणि पेट्रोलमधून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शतकानुशतके हवेत ठाण मांडतो. जगण्यासाठीचा धूर आणि चैनीसाठीचा धूर यांना एका तागडीत तोलता येणार नाही, असे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच बजावले होते. क्रुट्झन यांनी २००० मध्ये चालू भूयुगाला 'मानवयुग' म्हणावे असे सुचवले, त्या कल्पनेवरही हाच आक्षेप आहे. भूवैज्ञानिकांच्या संघटनेने २०२४ मध्ये ते नाव औपचारिक भूयुग म्हणून नाकारले, ते वेगळ्या कारणांनी. राजकीय आक्षेप असा की, पृथ्वी बिघडवणारा 'मानव' म्हणजे नेमका कोण? ह्यूस्टनचा तेलसम्राट आणि मेळघाटातला मजूर यांना एकाच 'मानवा'त कोंबले की जबाबदारी हवेत विरून जाते. रसायनशास्त्राला वर्ग दिसत नाहीत. ते दाखवणे हे राजकारणाचे काम आहे.

२००६ चा लेख

ऑगस्ट २००६ मध्ये क्रुट्झन यांनी 'क्लायमॅटिक चेंज' या नियतकालिकात तो वादग्रस्त लेख लिहिला. त्याची सुरुवात एका पेचातून होते. कारखान्यांच्या धुरातील गंधकाचे कण माणसांचे जीव घेतात, म्हणून ते काढून टाकलेच पाहिजेत. परंतु हेच कण सूर्यप्रकाश परतवून जगाची तापमानवाढ काही अंशी झाकून ठेवतात. हवा स्वच्छ केली की दडलेली उष्णता उघडी पडते. मग गंधक जमिनीलगत ठेवण्याऐवजी, वर स्थितांबरात तुलनेने थोड्या प्रमाणात पसरवले तर? फिलिपीन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीने जून १९९१ मध्ये तेच केले होते आणि पुढल्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले होते. वर्षाला दहा ते वीस लाख टन गंधक आणि २,५०० ते ५,००० कोटी डॉलर खर्च, असा ढोबळ हिशेबही त्यांनी मांडला.

येथपर्यंतचा भाग कंपन्यांच्या माहितीपत्रकांत सापडतो. पुढचा सापडत नाही. ओझोनचे काही नुकसान होईल, हे त्या लेखात आहे. कार्बन डायऑक्साइड वाढतच राहील आणि समुद्र आम्लधर्मी होत जातील, हेही आहे. या कल्पनेचा उपयोग उत्सर्जन कमी न करण्याचे समर्थन म्हणून होता कामा नये, असेही त्यांनी बजावले आहे. उत्सर्जन इतके घटावे की हा प्रयोग करण्याची वेळच येऊ नये, अशी इच्छा लेखाच्या शेवटी आहे आणि सध्या तरी ती भाबडी दिसते, ही खंतही. प्रदूषण करणाऱ्यांच्या निगरगट्टपणाला वैतागलेल्या शास्त्रज्ञाने केलेले ते आरोपपत्र होते. आरोपींनी त्याचे परवान्यात रूपांतर केले.

मात्र क्रुट्झन यांनाही येथे सर्वस्वी मोकळे सोडता येत नाही. नोबेलविजेत्याने दार किलकिले केले की त्यातून कोण आत घुसेल, याचा अंदाज ओझोनच्या लढाईत मुरलेल्या माणसाला यायला हवा होता. नफेखोरांनी तेरा वर्षे पुरावा नाकारल्याचे त्यांनी पाहिले होते. त्याच व्यवस्थेच्या हाती आणखी एक कळ देताना, ती कोणाच्या नियंत्रणाखाली राहील या प्रश्नाला त्यांनी अधिक जागा द्यायला हवी होती.

तीन युक्तिवाद

कैवाऱ्यांचा पहिला युक्तिवाद स्वस्ताईचा. संपूर्ण ऊर्जाव्यवस्था बदलण्यापेक्षा गंधक फवारणे स्वस्त, असे ते सांगतात. स्वस्त कोणासाठी? एकदा फवारणी सुरू झाली आणि खाली कोळसा जळतच राहिला, तर ती थांबवता येणार नाही. कण एक-दोन वर्षांत खाली बसतात. युद्ध, दिवाळखोरी किंवा राजकीय लहर यांमुळे फवारणी अचानक थांबली, तर दडवलेली सारी उष्णता अल्पावधीत उसळून वर येईल. ही पुढच्या पिढ्यांवर लादलेली वेठबिगारी आहे आणि तिचा सावकार असेल तो, ज्याच्याकडे कणाचे पेटंट आहे.

दुसरा युक्तिवाद गरिबांच्या कळवळ्याचा. २०२४ हे औद्योगिक क्रांतीपूर्व काळाच्या तुलनेत दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले. उष्णतेने आधी मजूर मरतो, मग त्याला सावली नाकारायची का, असा सवाल केला जातो. सवाल गंभीर आहे आणि त्याची टर उडवणे योग्य नव्हे. परंतु ही सावली सर्वांवर सारखी पडत नाही. केवळ उत्तर गोलार्धात कण पसरले तर उष्ण कटिबंधातला पर्जन्यपट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि आफ्रिकेच्या साहेल प्रदेशात दुष्काळ पडण्याचा धोका वाढतो, असे २०१३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवले. आशियाच्या आणि आफ्रिकेच्या मोसमी पावसात बिघाड होऊ शकतो, हे २००८ पासूनच्या संगणकीय अभ्यासांनी सुचवले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय मान्सून क्षीण होण्यामागे खालच्या हवेतील कणांचा हात होता, याचेही पुरावे आहेत. पावसाने पाठ फिरवली म्हणजे काय होते, हे १९७२ चा दुष्काळ भोगलेल्या महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. खडी फोडायला गेलेली लाखो माणसे आणि कवडीमोलाने विकलेली जनावरे अजून विस्मरणात गेलेली नाहीत. त्या वेळी दोष निसर्गाला देता आला. उद्या पाऊस हुकला तर शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागायची? कॅलिफोर्नियातल्या कंपनीकडे? आणि हा दुष्काळ तुमच्यामुळेच पडला, हे तो कोणत्या कोर्टात सिद्ध करणार?

हवामानाचे शस्त्र करण्याचा मोहही नवा नाही. अमेरिकेने १९६७ ते १९७२ या काळात व्हिएतनामच्या युद्धात शत्रूचे रस्ते चिखलात बुडवण्यासाठी ढगांवर बीजारोपण केले होते. त्यानंतरच शत्रुत्वाच्या हेतूने हवामानबदल घडवण्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो १९७८ पासून अमलात आला. मात्र कल्याणाचा मुखवटा चढवून केलेल्या हस्तक्षेपाला तो करार अडवत नाही.

तिसरा युक्तिवाद संशोधनस्वातंत्र्याचा. ज्ञान मिळवण्यात गैर काय, असे विचारले जाते. ज्ञान मिळवण्यात गैर काहीच नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत या विषयावर संगणकीय अभ्यास झाले आहेत आणि ते व्हायलाच हवेत. धोका कोणता हे ज्याला ठाऊक नाही, तो वाटाघाटीत दुसऱ्याच्या आकड्यांवर विसंबून राहतो. परंतु संशोधन वेगळे आणि बाजारपेठेची पूर्वतयारी वेगळी. हार्वर्ड विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये स्वीडनच्या उत्तरेला किरुना येथून फुगा सोडण्याचे ठरवले. त्यातून कणही सोडायचे नव्हते. केवळ उपकरणांची चाचणी होती. विद्यापीठाच्या या विषयावरील संशोधनाला बिल गेट्स यांच्यासारख्या धनिकांच्या देणग्या होत्या. तेथील मूळनिवासी सामी लोकांच्या परिषदेने खडा सवाल केला की, आम्हाला विचारले कोणी? चाचणी रद्द झाली आणि २०२४ मध्ये तो प्रकल्पच गुंडाळण्यात आला. रेनडिअर पाळणाऱ्या मूठभर लोकांनी जो प्रश्न विचारला, तो विचारण्याचे धैर्य दीड अब्ज लोकांच्या देशाने दाखवू नये काय?

भारताने काय करावे

जैवविविधता कराराच्या २०१० च्या नागोया परिषदेने असे प्रयोग आवरण्याचा ठराव केला, पण तो बंधनकारक नाही आणि अमेरिका त्या कराराची सदस्यही नाही. २०२४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत आफ्रिकेच्या देशांनी हे तंत्र न वापरण्याची भूमिका घेतली. ठरावावर एकमत झाले नाही आणि तो मागे घ्यावा लागला. लंडनमध्ये १९९० साली भारताने जो कणखरपणा दाखवला, तो येथे आफ्रिकेच्या खांद्याला खांदा लावून दाखवण्याची वेळ आली आहे.

त्यासाठी चार गोष्टी स्पष्टपणे मागितल्या पाहिजेत. स्थितांबरात सूर्यप्रकाश रोखणारे कण सोडण्यावर बंधनकारक आंतरराष्ट्रीय बंदी असावी. आकाशात सोडायच्या कणावर आणि त्याच्या तंत्रावर कोणाही खाजगी कंपनीला पेटंट मिळू नये. या विषयाचे संशोधन सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक संस्थांत आणि सर्व निष्कर्ष खुले ठेवून व्हावे. मान्सूनवर जगणाऱ्या देशांचे शास्त्रज्ञ त्यात केवळ पाहुणे नसावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, माँट्रियलच्या धर्तीवर कोळसा व तेल यांच्या त्यागाचे सक्तीचे वेळापत्रक ठरावे, त्यात श्रीमंत राष्ट्रांनी आधी व अधिक भार उचलावा आणि बाकीच्यांना तंत्रज्ञान व निधी द्यावा. भारताच्या सत्ताधाऱ्यांनाही येथे पळवाट नाही. औष्णिक वीजकेंद्रांनी धुरातील गंधक काढून टाकावा यासाठी २०१५ मध्ये ठरवलेल्या मुदती एकामागून एक लांबवण्यात आल्या आणि २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्या अटीतूनच सूट देण्यात आली. घरात गंधकाच्या धुराला मोकळीक आणि जगात न्यायाची मागणी, हे फार काळ एकत्र चालणार नाही.

वेटरच्या घरात जन्मलेल्या, जाहिरात वाचून विज्ञानात आलेल्या एका माणसाने अब्जावधी रेणूंत एखाद्या वायूचा हिशेब मांडला आणि बलाढ्यांना जाब विचारण्याचे साधन सामान्यांच्या हाती दिले. ते साधन बलाढ्यांच्याच हाती परत जाऊ द्यायचे की नाही, हे ठरवण्यासाठी रसायनशास्त्र येण्याची गरज नाही. आकाशाच्या सातबाऱ्यावर अद्याप कोणाचे नाव चढलेले नाही. फेरफाराचा अर्ज मात्र दाखल झाला आहे. ज्यांची शेती त्या आकाशाखाली आहे, त्यांनी मुदतीत हरकत नोंदवली पाहिजे.